भ्यायचं कशाला

मुलांना डोंगरात मुक्कामाला न्यायचं म्हटलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिकडं बिबट्या असतो का हो?" असतो की. खोटं कशाला सांगायचं? पण तो भंडारदऱ्याला जितका आहे, तितकाच संगमनेर-राहुरीच्या उसातही आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून जो अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच मोठे बिबटे आणि साधारण तितकेच तरस, आणि त्याच मुलखात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं. जंगल म्हणावं असं तिथं फारसं नव्हतंच. शेतं, वस्त्या, कुत्री. म्हणजे प्रश्न विचारणारी आई दिवाळीत माहेरी जाऊन ज्या ओट्यावर निवांत झोपते, त्याच्या आसपासच हा प्राणी रात्रभर हिंडत असतो.

भंडारदऱ्याच्या आमच्या शिबिरात पहिल्या रात्री मी मुलांना 'आजोबा'ची गोष्ट सांगतो. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला हा बिबट्या विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात पट्टा अडकवून त्याला माळशेज घाटाकडं सोडलं, तर हा पठ्ठ्या महामार्ग, रेल्वेचे रूळ, खाडी असं सगळं पार करत सव्वाशे किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडं. त्याच्यावर पुढं सिनेमाही निघाला. एवढ्या प्रवासात त्यानं कुणाला ओरबाडलं नाही. दोन वर्षांनी मेला तो गाडीच्या धडकेनं. गोष्ट संपली की मुलं लगेच विचारतात, मग आता शूला एकट्यानं जायचं का? नाही. तिघांनी जायचं, बॅटरी लावून, मोठ्यानं बडबडत. बडबडायची परवानगी मिळाली यातच त्यांना निम्मी गंमत वाटते.

माझा अनुभव असा, की मुलाच्या मनात भीतीला जागा बेताचीच असते. ती बिबट्यानं आणि मुंजानं अडवून ठेवली, की मण्यारीला उरत नाही. आणि भ्यायचं ते मण्यारीला. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात येते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून पोरगं उठतं, पापण्या जड होतात, आणि मोठी माणसं म्हणतात, काल भजी जास्त खाल्लीस. म्हणून तंबूची चेन पूर्ण लावायची, उशाला खाऊ ठेवायचा नाही (खाऊमागं उंदीर, उंदरामागं साप), सकाळी बूट झटकून घालायचे. आणि कुणाला चावलंच, किंवा नुसता संशय आला, तरी चिरा-चोखायचं काही नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. पाय हलू न देता उचलून सरकारी दवाखान्यात. गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर मुक्कामी असायला हवा, ही अट मी तंबूंच्या आधी घालतो. रतनवाडीच्या अंगाला १०८ लावायला मोबाईलची रेंज मिळेलच असं नाही.

विंचवाचंही तसंच. लाल विंचवानं कोकणात पूर्वी किती पोरं नेली! महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मरणं झपाट्यानं कमी झाली. ही हकीकत सांगितली की एखादं पोरगं दगड उलटायला निघतं, विंचू बघायला. मग दगड कसा उलटायचा तेही शिकवावं लागतं: काठीनं, आणि आपल्या बाजूला उचलून, म्हणजे खालचं जे काही आहे ते पलीकडं पळेल.

पण पाण्याबद्दल मला कुणीही पालकानं कधी विचारलेलं नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, त्यामागचा जलाशय डोळ्यांना इतका शांत दिसतो की त्याचा धाक वाटतच नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरतं, उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय दिला की गुडघ्यापर्यंत जातो. त्यापुढं जुन्या शेतांचे बांध, एकदम खोल झालेली जागा. फोटोसाठी पाण्यात चार पावलं टाकणारी मोठी माणसं इथं मुलांपेक्षा जास्त त्रास देतात. आम्ही लहान असताना पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून. काका वरून ढकलून द्यायचा. आता असं कुणी केलं तर गुन्हा दाखल होईल, आणि व्हावाही कदाचित. पण तो काका आधी स्वतः पाण्यात उतरून आलेला असायचा आणि आम्हाला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात असायचं, हे आठवणी सांगणारे विसरतात.

साम्रदच्या सांधण दरीत आम्ही मुलांना हिवाळ्यातच नेतो, तेही पाण्याच्या पहिल्या डोहापर्यंत. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये काही ठिकाणी जेमतेम माणूस जाईल इतकी फट. वर घाटघरच्या बाजूला पाऊस पडला तर खाली उभ्या असलेल्याला आभाळ निळंच दिसू शकतं, आणि पाणी मात्र येतं. हे मी कागदावर आकृती काढून सांगायचो; मुलं जांभया द्यायची. मग एका वर्षी गावातल्या वाटाड्यानं बोलायची तसदीही घेतली नाही. त्यानं मुलांना भिंतीवर मान वर करून पाहायला लावलं: डोक्याच्या कितीतरी वर, कपारीत अडकलेला ओंडका. इथं कुणी आणून ठेवला? मुलांनी आपापसात वाद घातला आणि उत्तर काढलं. परतताना कुणाला चल म्हणावं लागलं नाही.

या गावांमधल्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतली पोरं आमच्या मुलांच्या वयाची असतात. शेळ्यांमागं दिवसभर डोंगरात. ती निडर आहेत असं शहरातली माणसं कौतुकानं म्हणतात, ते मला पटत नाही. शेवाळलेला दगड दिसला की ती पोरं वळसा घालतात, आग्या माश्यांच्या पोळ्याखालून आवाज न करता जातात, पुराचा ओढा ओसरेपर्यंत तासन्‌तास काठाला बसून राहतात. आमची मुलं त्याच ओढ्याला उडी मारायला निघतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं, घाबरू नको.

स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलनं १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर वीस मुलं नेली, त्यात साहेबांची होती तशी कामगारांचीही होती. बाकी गणवेश, शिट्ट्या, सलाम यांत मला फारसा रस नाही. पण आपल्याकडच्या स्काउटच्या शिबिरांतला बिनभांड्यांचा स्वयंपाक मात्र कुणीतरी फार शहाण्या माणसानं ठेवला असणार. निखाऱ्यात बटाटे, तापल्या दगडावर भाकरी. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वाटेल तिथं जाळ करता येत नाही, आणि ते योग्यच आहे, म्हणून आम्ही गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात विचारून चूल मांडतो.

तिथं कळतं की दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी आगकाडी कधी ओढलेलीच नाही. घरी लायटर, नाहीतर शेगडीच विजेची. निम्मी पेटी वाया जाते. काडी अंगाकडं नाही, बाहेर ओढायची. पेटली की टोक किंचित वर. वारा कुठून येतो ते आधी बघायचं. नायलॉनचं जर्किन काढून ठेवायचं. सुरी देताना मूठ पुढं. हे सगळं अंगणाची मालकीण, तिला मुलं पहिल्या तासातच मावशी म्हणू लागतात, कडेला बसून बघत असते आणि मध्येच उठून तीन दगड पुन्हा नीट लावते. पिठलं दरवेळी खाली लागतं. ते संपल्यावर विस्तवावर पाणी मारायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा पाणी मारायचं, आणि मग राखेवर हात धरून बघायचा, तळवा नाही, मागची बाजू. गरम लागलं तर आणखी एक तांब्या. पाणी आणायला खालच्या हापशावर जावं लागतं, तेव्हा कुणी ना कुणी म्हणतंच, "विझलंय की सर!"

मग मावशी त्याच्या हातात तांब्या देते.