लेथला घातलेला दंड

मंडळी, आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसानं लोखंडकामावर लिहावं, हे आमच्या घरच्यांना पटणार नाहीच! पण गेला महिनाभर वसमतला एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतोय. तिथं जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, त्यातही वसमतकडे, हळदीचं पीक मोठं. हळद उकडायची, वाळवायची आणि मग ढोलात फिरवून पॉलिश करायची. त्या ढोलांचे शाफ्ट, बुश, मोटारीच्या पुल्या बिघडल्या की माणसं लेथवाल्याकडे धावतात. मराठी माणसाला लेथ म्हटलं की किर्लोस्कर आठवतात. त्यांचा हरिहरचा लेथचा कारखाना १९४१ सालचा. या पोराचा लेथ मात्र पंजाबातल्या बटाल्याचा, छोटा, वडिलांनी जुनाच विकत घेतलेला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

लेथ न पाहिलेल्यांसाठी सांगतो. चकमध्ये धरलेला दांडा गरगर फिरतो आणि कॅरेजवरचं टूल त्याच्या कडेनं सरकत त्याला कापत जातं. कॅरेजला सरकवतो एक लांब आटेदार दांडा, म्हणजे लीड स्क्रू. हाफ नटाचे दोन तुकडे त्याला चिमटीसारखे धरतात. इंग्लंडच्या हेन्री मॉडस्लेनं १८०० च्या आसपास असा आटे पाडणारा लेथ नीट बसवला, आणि तेव्हापासून एकासारखा दुसरा स्क्रू मिळू लागला. या छोट्या मशीनला फीडचा वेगळा शाफ्ट नाही. साधं कातकाम असो की आटे पाडणं, सगळा भार त्या एकाच स्क्रूवर.

तर झालं असं, की कॅरेज मध्येच अडखळायचं आणि मग उडी मारून पुढं जायचं. कामावर कडी उठायच्या. आटे पाडले तर काही दाट, काही विरळ. गिऱ्हाईक तुटू लागलं. भंगारवाला किलोच्या भावानं उचलायला तयार होता. नव्या मशीनला कर्ज काढावं, तर आधीचंच डोक्यावर. त्याची आई काही बोलायची नाही. फक्त रोज संध्याकाळी येऊन ते मशीन पुसून जायची.

"गुरुजी, हाफ नट गेलाय, दुसरं काही नाही," असं त्याचं म्हणणं. मग आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका निदेशकांना आम्ही बोलावलं. त्यांनी नटाला हातसुद्धा लावला नाही. आधी स्क्रूच्या आट्यांत बसलेला लोखंडाचा कीस खरवडून काढला, तेल दिलं. स्क्रू टोकाशी मागंपुढं हलतो का ते बघून कॉलर बसवली. सॅडलच्या पट्ट्या आवळल्या. थोडा फरक पडला, उडी राहिलीच.

मग त्यांनी हाफ नट लावून कॅरेज हातानं मागंपुढं ढकललं आणि डायल गेजवर ढिलाई मोजली. चकजवळ ती सव्वा मिलिमीटर भरली. मग कॅरेज पार टेलस्टॉककडे नेलं, तर तिथं पाव मिलिमीटरच! नट दोन्हीकडे तोच. म्हणजे मुख्य दोष स्क्रूचा. आखूड कामं सगळी चकजवळच व्हायची, म्हणून तेवढाच फूटभर भाग झिजलेला. ते म्हणाले, "ढिलाई सगळीकडे सारखी असती तरी चाललं असतं, टूल एकाच दिशेनं जातं. जागोजागी वेगळी आहे, म्हणून आटे बिघडतात."

उपाय काय? तर स्क्रू काढायचा आणि उलटा बसवायचा! "मग आटे डावे होतील ना?" पोरानं विचारलं. होत नाहीत. उजवा आटा कुठल्याही टोकाकडून पाहा, उजवाच. दोन्ही टोकांची मापं वेगळी होती, म्हणून दुसरीकडच्या मोठ्या लेथवर ती नव्यानं करून घेतली. हाफ नटही थोडा खाल्लेला होताच. गनमेटलचे दोन तुकडे डाग देऊन जोडले, आतून आटे पाडले आणि तापवून पुन्हा सुटे केले.

आई दारात बसून बघत होती. म्हणाली, "हे तर लुगड्याला दंड घातल्यावानीच की!"

नव्या पिढीला दंड ठाऊक नसेल. लुगडं मधोमध विरलं की बायका ते तिथं फाडत आणि धड राहिलेले भाग एकमेकांना शिवून मध्ये आणत. विरलेलं कडेला जाई. नवं आणायची ऐपत नसली तरी लुगडं आणखी वर्षभर निघायचं. माझ्या आईच्या अंगावर दंडाचीच लुगडी आम्ही पाहिली.

झिजलेला भाग आता टेलस्टॉककडे गेलाय, तिथं काम क्वचितच पडतं. लांब आटे मात्र अजूनही अचूक येत नाहीत. ती कामं तो सरळ दुसरीकडे पाठवतो, गिऱ्हाइकाला तसं सांगून. बाकी शाफ्ट आणि बुश झकास निघतात. हळदीच्या हंगामापुरतं भागलं, भंगारवाला रिकामा गेला.

असो. कुणाच्या घरी असं अडखळणारं मशीन असेल, तर सुटा भाग आणण्याआधी एकदा ते कमी वापरलेल्या टोकाला नेऊन बघा. आणि आमच्या नातेवाइकांपैकी कुणाकडे दंड घातलेलं एखादं लुगडं अजून असेल, तर जपून ठेवा. मला बघायला यायचंय.