मांडीवरचं काम

परवा आईनं फोनवर विचारलं, "हजाराला किती देत्यात गं तुला?"

मी कारवारला, आई निपाणीत. मी आकडा सांगितला. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हणाली, "आणि छाट?"

निपाणीतल्या कुठल्याही बाईला हा प्रश्न समजेल. ज्यांना समजणार नाही त्यांच्यासाठी सांगते. माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात हेच काम. पानं आणि तंबाखू मोजून घरी आणायचा, पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा मापाला धरून कात्रीनं कापायची, आणि मग मांडीवर सूप घेऊन बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. चिमूटभर तंबाखू, बोटांचं एक वळण, तोंड दुमडून दोऱ्याची गाठ. मजुरी हजारावर. माल द्यायला गेलं की तपासणारा एकेक जुडगा दाबून बघायचा. वाकडी, पोकळ विडी दिसली की बाजूला. ती छाट. तिची मजुरी नाही. 1966 साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली. आईचं ते फोटोचं ओळखपत्र अजून बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेलं आहे.

त्यामुळे 2020 साली सगळं जग घरी बसून काम करायला लागलं आणि त्याचं केवढं कौतुक झालं, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "त्यात काय नवीन? आमी जन्मभर तेच केलं की!"

खरं तर राहायचं एकीकडे आणि काम दुसरीकडे, याचं आपल्या भागातल्या माणसाला अप्रूप नसावंच. मी शिकले ते देवचंद कॉलेज. नाव निपाणीचं, पण उभं आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. रोज चालत दुसऱ्या राज्यात जायचं आणि दुपारी जेवायला आपल्या राज्यात परत! पुढे पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं. हे गोकाककडचे, घरात कन्नड. मुलगा बापाशी कन्नडात भांडतो, माझ्याशी मराठीत, आणि दोन्हीकडच्या आज्यांना हाक एकच, "अज्जी." माझं काम एका सॉफ्टवेअर कंपनीत. तुमच्या मोबाईलवर ‘पुढे जा’, ‘रद्द करा’ अशी जी अक्षरं दिसतात ना, ती मराठीत आणि कन्नडात आणायची, तपासायची. यांचं हिशेबाचं काम, तेही कॉम्प्युटरवरच. कंपनीनं ‘कुठूनही काम करा’ म्हटल्यावर आम्ही पुण्याची जागा सोडली, काही महिने निपाणीत काढले आणि 2021 च्या जानेवारीत कारवारला बिऱ्हाड केलं.

कारवारच का? कारण बाबा. बाबा तंबाखूच्या वखारीत कामाला होते. मी चौथीत असताना त्यांनी आम्हाला लाल गाडीनं कारवारला नेलं होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्यात उभे राहिले आणि खूप वेळानं म्हणाले, "रिटायर झाल्यावर हितंच येऊन ऱ्हायचं." वखारीतल्या माणसाला कसली आलीय रिटायरमेंट! 2012 साली ते गेले ते कामावर असतानाच. आईला मी म्हटलं, "चल, बाबांची इच्छा होती." ती म्हणाली, "त्यांची हुती. माझी न्हाई. समुद्र चार दिवस बघायला बरा. मी माझ्या गल्लीत बरी हाय." आग्रह केला, पण खरं सांगायचं तर फार नाही केला. अडीचशेच्या आत-बाहेर किलोमीटर, सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचतो, असा आमचा हिशेब होता.

पहिले सहा महिने म्हणजे नुसता आनंद. काळी नदी समुद्राला मिळते तिथून जवळच आमचं भाड्याचं घर. पलीकडच्या काठावर सदाशिवगड. संध्याकाळी सहाला लॅपटॉप मिटला की दहा मिनिटांत वाळूत पाय. पुण्यात एवढ्या वेळात आमची गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेरसुद्धा पडत नसे. ज्या किनाऱ्यावर आम्ही फिरायला जातो त्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस, इथं न्यायाधीश होते. 1883 च्या सुमाराला बाविशीतले रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले आणि ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी इथं लिहिलं. म्हणजे घर कोलकत्त्याला आणि लिहिण्याचं काम कारवारला! आम्ही काही पहिले नव्हे, असं मी यांना म्हणते. हे म्हणतात, "त्यांना साडेनऊची मीटिंग नव्हती."

भाषेचं तर विचारूच नका. बाजारात पाटी कन्नड, बोलणं कोकणी, देवळातलं भजन मराठी. माझी सुरमई तिथं इसवण होते आणि कन्नडात अंजल. यांच्या घरी मासळी चालत नाही, पण तिन्ही नावं यांनाच माझ्यापेक्षा पक्की पाठ. मुलगा तर तीन महिन्यांत शेजारच्या पोरांबरोबर कोकणीतून भांडायला लागला. गंमत विजेची. कैगाचा अणुवीज प्रकल्प इथून जवळ, 220 मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या तिथं आहेत, त्यातली एक 2018 साली सलग 962 दिवस चालून तिनं जगात विक्रम केला. आणि आमच्याकडे पहिला पाऊस पडला की दिवे गुल! इन्व्हर्टर घेतला तेव्हा कुठे मीटिंगा सुरळीत झाल्या.

एकदा घरमालकीणबाईंना मी म्हटलं, "किती शांत आहे हो तुमचं गाव!" बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं माहेर अरग्याचं. 1986 साली नौदलाच्या ‘सीबर्ड’ तळाची पायाभरणी झाली, पुढे त्यासाठी किनाऱ्यावरची गावं उठली, त्यात तेही. 2005 साली तळ सुरू झाला. बाई म्हणाल्या, "शांत? आमचं घर होतं ना, तिथं रात्री लाटांच्या आवाजानं झोप लागायची. आता भिंतीच्या पलीकडे आहे तो समुद्र." एवढं बोलून त्या आत गेल्या. आमच्या अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की समुद्र दिसतो म्हणून आम्ही भाडं थोडं जास्त देत होतो. ते मला त्यानंतर नीटसं बोलून दाखवता आलं नाही.

मग आला 23 जुलै 2021. शुक्रवार.

सकाळी सातला शेजारच्या वहिनींचा फोन, आई मोरीत पाय घसरून पडली. उठता येत नाही, मांडीचं हाड असावं. निपाणीत असं काही झालं की कोल्हापूर गाठायचं, चाळीसेक किलोमीटर. पण यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, वाहतूक बंद. आणि आमच्याकडे? कद्रा धरणातून पाणी सोडल्यामुळे काळीकाठची गावं पाण्यात. अणशीच्या रस्त्याचं ज्याला विचारावं तो नको म्हणत होता. यल्लापूरच्या वाटेवरचा अरबैल घाट दरडी कोसळून बंद. गोव्यातून रेल्वेनं यावं म्हटलं तर दूधसागर-सोनावळी भागात त्याच दिवशी दरड पडून गाडी घसरलेली. नकाशावर मी आणि आई बोटभर अंतरावर होतो, आणि मधे सह्याद्री.

वहिनींनी गल्लीतल्या चार जणांना हाक मारून आईला पलंगासकट रिक्षा-टेम्पोत घातलं आणि निपाणीतल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पायाला वजन बांधलं; पाणी उतरल्यावर ऑपरेशनला कोल्हापूरला न्या म्हणाले. व्हिडिओ कॉलवर आई दिसायची. चेहरा पिवळट, पण म्हणायची, "तू नको येऊ गं ह्या पावसात. पोराला बघ." चार रात्री वहिनी तिच्याजवळ बसून होत्या.

आणि त्या चार दिवसांत मी काय केलं? काम केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून केलं. वीज जायची, यायची. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी अक्षरं तपासत बसले. ‘पुढे जा.’ ‘परत या.’ ‘पुन्हा प्रयत्न करा.’ सोमवारी सगळं काम वेळेवर दिलं. पुण्यातल्या साहेबांना मी सांगितलं नसतं तर माझ्या घरी काही झालंय हे कळलंही नसतं. महिनाअखेर पगार पूर्ण आला.

रस्ता थोडा मोकळा झाल्यावर फिरत फिरत मी निपाणीला पोचले, तोवर आईला कोल्हापूरला हलवलं होतं. ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी आईला घरी आणल्यावर मी वहिनींच्या घरी साडी घेऊन गेले. वहिनी सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "त्या आठवड्यात माल द्यायचा ऱ्हायला, म्हणून आता जरा जास्त बसालोय." त्यांचा दवाखान्यात गेलेला एकेक दिवस हजारानं मोजला जाणारा होता. मी हिशेब करून पैसे पुढे केले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि साडी मात्र ठेवून घेतली. चहा केला. मला तो चहा गिळवेना.

त्यानंतर आमच्या घरात पुष्कळ बोलणी झाली. परत निपाणीला जायचं का? मुलाची शाळा इथली, यांचा दमा इथल्या हवेत कमी झाला. आईला कायमचं आणावं तर ती तयार नाही. शेवटी निघाला तो असा तोडगा: दिवाळीनंतर आई चार महिने कारवारला येते, आणि जून ते सप्टेंबर मी एकटी निपाणीत. पावसाळ्यात घाटाच्या अलीकडे-पलीकडे अडकायचं नाही, हा नियम. मुलगा आता दहावीच्या जवळ आलाय, त्याला हे आवडत नाही. "तुझं काम कुठूनही होतं ना, मग इथूनच कर की," असं तो म्हणतो. बिनतोड!

कामाचंही रूप पालटलं. 2023 साली कंपनीनं सगळ्यांना आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावलं. मला जमणार नव्हतं. त्यांनी नोकरीऐवजी कंत्राट दिलं, शब्दांवर पैसे. आता भाषांतर आधी यंत्र करतं, मी चुका काढते, आणि दर त्या मानानं उतरलाय. हजार शब्दांना इतके. वरचा तपासनीस जे परत पाठवतो ते पुन्हा करायचं, फुकट. म्हणून आईला ‘छाट’ आठवली. मी तिला हे आजवर नीट सांगितलंच नव्हतं. शिकून मोठी झालेली मुलगी पुन्हा हजारीवर आली हे सांगायला जीभ रेटत नव्हती. तिला मात्र त्यात वावगं काही वाटलं नाही. तिनं सरळ दुसरा प्रश्न टाकला, "फंड कापत्यात काय?" नाही म्हटल्यावर पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आमाला तरी फंड हुता! कार्ड तरी दिलंय काय तुला?"

गेल्या हिवाळ्यात ती इथं होती तेव्हा रात्री अकराला पाणी प्यायला उठली. मी अंधारात पडद्याच्या उजेडात बसलेली. माझी पाठ तिनं हातानं चाचपली, मणक्यापाशी अंगठा नेमका दाबला, जिथं दुखतं तिथंच. तिला कसं कळलं हे विचारायची गरज नव्हती. म्हणाली, "उजवा पाय लांब करून बस. आणि अधनंमधनं उठून पाणी भर. आमी तसंच करायचो." तेव्हापासून मी खरंच तसं करते. पाठ बरी आहे.

आता मे संपत आलाय. परवा मी बॅग भरायला घेतली. आईचा निरोप आलाय: वहिनींसाठी सुकट आण, मागच्या वेळची कमी पडली. घरमालकीणबाईंनी कोकमं बांधून दिलीत, "तुझ्या आईक दी." मी दोनेक दिवस आधीच ऑफिसला कळवून ठेवते, कारण कद्र्यानंतर अणशीचा घाट चढून जोयडा येईपर्यंत जंगलात फोनला रेंज नसते. गाडीत मी खिडकीशी बसते, वाटेत वडा खाते, आणि जोयड्याजवळ पर्समधला फोन एकदम थरथरायला लागतो. मागच्या वर्षी कंपनीचे सहा निरोप होते. आणि आईचे आठ मिस्ड कॉल. घाबरून लावला तर म्हणाली, "काही न्हाई गं. पाऊस झाला हितं. रस्ता चालू हाय का बघायला केलता."