उजेड पोहोचला तिथपर्यंत

२८ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सातल्या प्रुडेन्शिअल या १६ मजली इमारतीवर जर्मन तोफेचा सुमारे दोन टनांचा गोळा येऊन आदळला. त्या क्षणी सिल्वेस्टर ब्राउन जवळच्या एका छपरावर कॅमेरा रोखून उभा होता. धूर आणि धुळीचा लोट मनोऱ्याला गिळत वर उसळतोय, आजूबाजूची घरं त्याच्या पायाशी बारकी दिसताहेत, असा तो फोटो. वॉर्साच्या उठावावरचं कुठलंही पुस्तक उघडा, तो भेटतोच. एवढा भयंकर तडाखा बसूनही इमारतीचा पोलादी सांगाडा उभा राहिला आणि युद्ध संपलं तेव्हाही तो उभाच होता.

हा फोटो आपल्यापर्यंत पोहोचला कसा, हे मला त्या स्फोटाइतकंच महत्त्वाचं वाटतं. जर्मन ताब्याविरुद्धचा हा उठाव १ ऑगस्टला सुरू झाला आणि ६३ दिवस चालला. शरणागतीनंतर जर्मनांनी उरलेल्या लोकांना शहराबाहेर हाकललं आणि रिकामी घरं पद्धतशीरपणे पेटवली, सुरुंगांनी उडवली. जाण्यापूर्वी ब्राउनने आपल्या निगेटिव्ह काचेच्या बरण्यांत भरून तळघरात पुरल्या होत्या. जानेवारी १९४५ मध्ये शहर मोकळं झाल्यावर त्या उकरून काढल्या गेल्या. तीन हजारांच्या आसपास काढलेल्या फोटोंपैकी जेमतेम निम्मे हाती लागले. आज आपण ज्याला ‘वॉर्साचा उठाव’ म्हणून डोळ्यांसमोर आणतो, त्यातला बराचसा भाग त्या बरण्यांतून आलेला आहे.

असे फोटो काढणारा दुसरा माणूस एउगेनिउश लोकायस्की. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये पोलंडकडून भाला फेकणारा. त्याने एक हजाराच्या आसपास फोटो काढले, आणि ते पाहताना मी फार रेंगाळते. १३ ऑगस्टला दोन बंडखोरांचं लग्न लागलं, त्याचे फोटो त्यात आहेत. नवरदेव जखमी, हाताला बँडेज. आजूबाजूला शहर कोसळत असताना कोणी लग्न कशाला करेल, असा प्रश्न हे फोटो पाहताना पडतच नाही, इतकी ती माणसं सहज उभी आहेत. २५ सप्टेंबरला बॉम्बहल्ल्यात कोसळलेल्या एका घराखाली लोकायस्की गेला. निगेटिव्ह त्याच्या बहिणीने जपल्या.

या विषयाच्या वाटेला जाणाऱ्याने एक काळजी जरूर घ्यावी. वॉर्सात दोन उठाव झाले. एप्रिल १९४३ मध्ये घेट्टोतल्या ज्यूंनी शस्त्र उचललं, आणि त्यानंतर सव्वा वर्षाने पोलिश गृहसेनेने, म्हणजे भूमिगत सैन्याने. दोन्हींचे फोटो सर्रास एकमेकांत मिसळतात. हात वर केलेला तो लहान मुलगा घेट्टोतला आहे आणि तो फोटो जर्मन एसएस अधिकारी श्ट्रोपच्या अहवालातला आहे, म्हणजे मारणाऱ्यांच्या बाजूने काढलेला. कॅमेरा कोणाच्या हातात होता, हे ठरल्याशिवाय फोटोवर एक ओळही लिहू नये. जर्मनांच्या प्रचार पथकांनी १९४४ मध्येही भरपूर फोटो काढले. ते स्पष्ट आहेत, सुबक आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबावं लागतं.

पण फोटोंना उजेड लागतो. ते शहर तर अर्धंअधिक जमिनीखाली जगत होतं. तळघरांच्या भिंती फोडून एका घरातून दुसऱ्या घरात वाटा काढल्या होत्या; माणसं तिथेच शिजवत होती, प्रार्थना करत होती, मरत होती. तिथलं सगळं मिरोन ब्यावोशेफ्स्कीच्या आठवणींत सापडतं. उठावाच्या वेळी तो २२ वर्षांचा साधा नागरिक होता, हाती बंदूक नव्हती. पुस्तक आलं १९७० मध्ये, आणि ते समोर बसून बोलल्यासारखं लिहिलेलं आहे. अडखळत, मागे जात, एखादी गल्ली नेमकी कुठे वळायची हे पुन्हा आठवत. इंग्रजी अनुवाद मिळतो. लढाईचे नकाशे नंतर पाहावेत, आधी हे वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन.

त्याही खाली गटारं होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला जुनं शहर पडलं तेव्हा हजारो माणसं या गटारांतून मध्य भागात निसटली. पोलिश दिग्दर्शक आंद्रेय वायदाचा १९५७ चा ‘कनाव’ हा चित्रपट याच अंधारात घडतो. पटकथाकार येझी स्टेफान स्ताविन्स्की स्वतः वॉर्साच्या मोकोतूफ भागातून तसाच गटारातून गेलेला होता. चित्रपटात एक जोडपं नदीकाठच्या मुखाशी पोहोचतं आणि तिथे लोखंडी गजांची जाळी असते. गजांपलीकडे व्हिस्तुलाचा पैलतीर दिसतो. सप्टेंबरच्या मध्यावर सोव्हिएत फौज त्या तीरावर येऊन ठेपली होती आणि तिथेच थांबली होती, हे प्रत्येक पोलिश प्रेक्षकाला माहीत होतं. पडद्यावर तसं म्हणण्याची सोय त्या काळच्या कम्युनिस्ट पोलंडमध्ये नव्हती. वायदाने नुसता तीर दाखवला.

आपल्याकडे याचा एक दुवा आहे. वॉर्सा जळत होतं त्या वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियातून इराणमार्गे आलेली, म्हणजे उठावाशी थेट संबंध नसलेली. पण राजधानी त्यांचीच होती.

फोटो आणि आठवणींखेरीज उठावाच्या चालत्या फितीही आहेत. गृहसेनेच्या माणसांनी उठावातच चित्रण केलं आणि १५ ऑगस्टला पॅलॅडियम चित्रपटगृहात ते वॉर्साकरांना दाखवलंही. २०१४ मध्ये त्या मूक चित्रणाला रंग आणि आवाज देऊन एक पूर्ण चित्रपट झाला. माणसं काय बोलत होती हे कळावं म्हणून ओठांच्या हालचाली वाचणारे जाणकार बसवले होते. रंग मला खटकतात, मूळ चित्रण आधी पाहावं असं वाटतं. ओठ वाचण्याची चिकाटी मात्र मनापासून आवडली.

वॉर्साच्या वोला भागात मात्र यातलं काहीच हाती लागत नाही. ५ ते ७ ऑगस्ट या तीन दिवसांत तिथे काही अंदाजांनुसार ४०,००० च्या आसपास नागरिकांना घराघरांतून बाहेर काढून गोळ्या घातल्या गेल्या, आणि मरणाऱ्यांच्या बाजूने तिथे कॅमेरा नव्हता. वांडा लूरी या गरोदर बाईची तिन्ही मुलं तिथे मारली गेली. ती प्रेतांच्या ढिगाखाली जिवंत राहिली, त्याच महिन्यात तिला मुलगा झाला, आणि युद्धानंतर तिने चौकशी आयोगापुढे साक्ष दिली. अशा साक्षी वॉर्साच्या पिलेत्स्की संस्थेने इंग्रजी अनुवादासह सगळ्यांना खुल्या केल्या आहेत. अंगण, भिंत, कोणाला आधी नेलं, कोणाचा हात कोणी धरला होता, एवढाच तपशील. या उठावाचा अभ्यास करणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ त्या पानांना द्यावा.