दुब्रॉव्हनिक: जहाजाच्या वेळेतली टिपणं

जहाज सकाळी ग्रूझच्या धक्क्याला लागलं. दुपारी साडेचारपर्यंत परत चढायचं. ग्रूझपासून जुनं शहर तीनेक किलोमीटर. बस पिले दरवाजाशी सोडते. रांगा आणि जाणंयेणं वजा करता हाती उरतात जेमतेम सहा तास.

*

आधी तटबंदी. 1,940 मीटरचा फेरा, एकाच दिशेनं चालायचा, सावली नावापुरती. तिकीट महाग आहे, तरी बाकी सगळं सोडून हेच पाहावं असं माझं ठाम मत.

*

तटावरून समुद्रापेक्षा मी कौलंच जास्त पाहिली. बहुतेक छपरं लालभडक. मधूनच एखादं फिकट, मातकट, डागाळलेलं. हे जुनं कौल, लालभडक ते नंतर बसवलेलं. 1991-92च्या वेढ्यात युगोस्लाव्ह सैन्यानं या शहरावर तोफा डागल्या, सगळ्यात भयंकर मारा 6 डिसेंबर 1991चा. जागतिक वारसा यादीत नाव लागून तेव्हा बारा वर्षं झाली होती. जुन्या शहरातल्या 824 इमारतींपैकी 563 इमारतींना मार बसला. पिले दरवाजाजवळ एक नकाशा लावलाय, त्यात कुठल्या छपरावर गोळा पडला ते दाखवलंय. तट चढण्याआधी पाच मिनिटं तिथे थांबावं. मग वरून दिसणारा लाल रंग निराळा दिसतो.

*

स्त्रादून हा मुख्य रस्ता. पायाखालचा चुनखडीचा दगड माणसांच्या चालण्यानं आरशासारखा झालाय. दोन्ही बाजूंची घरं एका उंचीची, एका वळणाची, कारण 6 एप्रिल 1667च्या भूकंपानं शहर कोसळलं आणि तेव्हाच्या रागुसा प्रजासत्ताकानं (रागुसा हे दुब्रॉव्हनिकचंच जुनं नाव) ठरवून एकाच नमुन्यानं पुन्हा बांधलं. दुकानांची दारं बघण्यासारखी: एकाच कमानीत अर्धं दार, अर्धी गुडघ्याएवढ्या उंचीची खिडकी, तिच्यावरूनच माल द्यायचा.

*

रेक्टरचा वाडा बाहेरूनच पाहिला. रागुसा प्रजासत्ताकाचा हा प्रमुख फक्त एक महिना पदावर असे आणि त्या महिन्यात सरकारी कामाखेरीज वाड्याबाहेर पडायची त्याला मुभा नसे. खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक कामं बघा, अशा अर्थाचा लॅटिन लेख महासभेच्या दारावर होता. एवढ्याशा राज्यानं ऑटोमन सुलतानाला वर्षाला 12,500 डुकाट खंडणी भरून, व्हेनिसला तोंड देऊन शतकानुशतकं आपला कारभार आपल्याकडे ठेवला. 1808मध्ये नेपोलियनच्या सेनापतीनं तो संपवला. एका माणसाच्या हाती सत्ता फार काळ राहू द्यायची नाही, याची इतकी कडक सोय मला दुसरीकडे कुठे आढळली नाही.

*

गुंदुलिच चौकातला बाजार. सुके अंजीर, लव्हेंडरच्या पिशव्या, साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली. साली घेतल्या.

*

आता लाझारेती. प्लोचे दरवाजाबाहेर, समुद्राकाठी विलगीकरणासाठी बांधलेल्या दगडी खोल्यांची रांग. टूरवाले इकडे फारसे वळत नाहीत, आणि मला वाटतं हीच इथली सर्वांत मोठी गोष्ट आहे. 1377मध्ये इथल्या महासभेनं कायदा केला: प्लेगच्या मुलखातून आलेल्यांनी आधी मर्कान बेटावर किंवा त्साव्हतातला महिनाभर राहायचं, मगच शहरात यायचं. व्यापारावर जगणाऱ्या बंदरानं बंदर बंद केलं नाही. येणाऱ्याला थांबवलं, निरोगी ठरल्यावर आत घेतलं. माणसंही वाचली, व्यापारही चालू राहिला. या खोल्या पुढच्या, 1590 ते 1642 या काळात बांधलेल्या. खुश्कीनं येणारे ऑटोमन मुलखातले तांडे इथे थांबत. कोविडची दोन वर्षं काढलेल्या माणसानं या भिंतींशी थोडा वेळ काढावा. ज्या शहरात शिरण्यासाठी पूर्वी महिनाभर थांबावं लागे, तिथे आम्ही सहा तासांसाठी आलो होतो.

*

शहराचा संरक्षक संत ब्लेझ, इथे त्याला व्लाहो म्हणतात. दरवाजांवर, तटावर त्याच्या मूर्ती, हातात शहराची छोटी प्रतिकृती. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीलाही याच संताचं चर्च आहे आणि त्याचा संबंध रागुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. एड्रियाटिकवरचा संत मांडवीच्या खोऱ्यात! यावर कुणी मराठीत सविस्तर लिहायला हवं.

*

जुन्या शहरात 1991 साली पाचेक हजार लोक राहत; आता दोन हजारांच्या आत. घरं पर्यटकांना भाड्यानं गेली. 2019पासून एका वेळी दोनच क्रूझ जहाजं आणि मिळून चार हजार प्रवासी अशी मर्यादा आहे. ती योग्यच आहे. आमच्यासारख्यांना तारीख मिळाली नाही तरी चालेल.

*

पुढच्या मोसमात जाणाऱ्यांसाठी: केबल कार सोडा, संग्रहालयंही सोडा. सकाळी तट, दुपारी लाझारेती, मधे स्त्रादूनच्या वरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, जिथे अजून वाळत घातलेले कपडे दिसतात. तिथे आवाज कमी ठेवा, लोकांची घरं आहेत. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. पिले दरवाजातून आत येताच ओनोफ्रिओचं गोल कारंजं लागतं. 1438चं, सोळा तोट्यांचं. बारा किलोमीटरवरून पाणी आणण्याची योजना तेव्हाची. आजही ते पाणी पिता येतं, थंडगार असतं.