आजी आणि बेडफर्ड

लोकांच्या मोबाइलमध्ये रील्स असतात, माझ्या मोबाइलमध्ये जुने लष्करी ट्रक. त्यातही बेडफर्ड क्यूएल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बनलेला, तीन टन माल नेणारा, फोर व्हील ड्राइव्ह. केबिन इंजिनवरच, त्यामुळं पुढं नाक नाही. सहा सिलिंडर, ७२ अश्वशक्ती, तीही पेट्रोलवर! (डिझेलच्या भावावर रडणाऱ्यांनी पुढचं वाचू नये.)

आमचं गाव नळदुर्गजवळ. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली ती याच रस्त्यानं. बोरी नदीवरचा पूल तिला शाबूत मिळाला. लष्कराकडं तेव्हा महायुद्धातली ब्रिटिश धाटणीची बरीच वाहनं होती. आजी त्या वेळी दहा वर्षांची. म्हणून मोठ्या उत्साहानं तिला फोटो दाखवला.

"असले ट्रक बघितलेस का गं तू?"

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "कोन बसलंय ह्यात?"

चाकं, गिअर, अश्वशक्ती, सगळं मला पाठ होतं. हे कधी बघितलंच नव्हतं.

"गाडीचा आवाज आला की आई आमाला तुरीत दडवायची. रझाकार हाय का पलटन, आवाजावरनं कळतंय व्हय? त्या दिशी लई गाड्या आल्या. अंधार पडूस्तोर आमी तुरीतच. मग कुनीतरी सांगत आलं, आपलेच हायत."

फोटोतल्या ट्रकची मागची ताडपत्री बंद होती. मी झूम करून बघत बसलो.