'ची' कुणाची?

धाकटी मुलगी दहावीला आहे. देशभक्तिपर कवितेचे रसग्रहण लिहून न्यायचे होते. तिने अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड निवडली. वही परत आली ती तांबड्या शाईचा शेरा घेऊन : 'ही लावणी आहे. वृत्त नाही. दुसरी कविता घ्यावी.' पोर हिरमुसली. मला मात्र राग आला.

माझे वडील गिरणीत बदली कामगार. आई गावी. १९८० साली मी शिकायला त्यांच्या खोलीवर आलो. खोलीत नऊ माणसे, नऊ पत्र्याच्या पेट्या. शनिवारी रात्री एक जण पेटीवर ठेका धरी, वडील गात आणि बाकीचे झील ओढीत. गाणाऱ्याला दम घ्यायला मिळावा, म्हणून ध्रुपद पुन्हा पुन्हा यायचे. पण नऊही जणांच्या बायका गावी! त्यामुळे झील कुणी नुसती ओढीत नसे.

मुलीला म्हटले, "अक्षरे मोजू नकोस, टाळी दे." एका ओळीत पाचच अक्षरे, दुसरीत पंधराच्या वर, तरी टाळी चुकत नाही. ओळ लांबली की शब्द धावतात, आखूड असली की सूर लांबतो. ढोलकीवर जन्मलेल्या काव्याला गणांचा तराजू कशाला लावायचा?

मग तिनेच विचारले, "बाबा, बहुतेक ओळींच्या शेवटी 'ची' का येते?"

इतकी वर्षे ऐकून माझ्या ध्यानात आले नव्हते. आम्ही ओळीओळीवर बोट ठेवत गेलो. आधी मैनेचे रूप, त्यात 'ची'. मग गरिबीने झालेली ताटातूट, पहाटेची निघायची तयारी, मुंबईतली बेकारांची गर्दी, सगळीकडे तेच यमक. आणि त्याच यमकावरून शाहीर बायकोच्या विरहातून खंडित महाराष्ट्रात शिरतात. कामगार-शेतकऱ्यांची फौज येते, बेळगाव, कारवार, निपाणी येते, परक्यांची मालकी येते. 'ची' म्हणजे षष्ठी. कोण कुणाचे, हे सांगणारा प्रत्यय! ज्याच्या मालकीचे काही नाही असा माणूस ओळीओळीला मालकी विचारतो आहे. ही देशभक्ती नव्हे तर काय? १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ती तिन्ही गावे आजही कर्नाटकात आहेत.

काही ठिकाणी 'ची' थांबते. निरोपाच्या वेळी तीन तोकड्या ओळी 'त'वर संपतात, हुंदका अडावा तशा. नंतर ध्रुपद. त्या जागी वडिलांचा आवाज बसायचा. मग बाकीचे आठ जण ध्रुपद उचलायचे.

मुलीने हे सारे लिहून काढले. 'वृत्त' या शब्दापुढे 'ढोलकीचा ठेका' असे लिहिले. कविता बदलली नाही. सोमवारी वही पुन्हा नेऊन दिली आहे.