शिवेपलीकडची हाक

गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडायचे, तर वैनगंगेच्या काठाला आधी वर्दी द्यावी लागते. धरणावरची सूचना जिल्हा प्रशासनाकडे, तिथून तहसिलीत आणि मग काठच्या गावांत दवंडी. एका गावची दवंडी पुढच्या गावाला ऐकू जात नाही; शीव ओलांडतो तो नेमक्या ठिकाणी धाडलेला निरोप. 2020च्या ऑगस्टअखेरचा महापूर सोसलेल्या या मुलखाला त्याचं मोल सांगावं लागत नाही. मी नेटवर्कच्या स्विचवर काम करतो. यूडीपी ब्रॉडकास्ट रिले लावताना मला हीच रीत दिसते.

संगणक सुरू होतो तेव्हा त्याला स्वतःचा पत्ता नसतो, पत्ता देणारा सर्व्हर कुठे आहे हेही ठाऊक नसतं. म्हणून तो 255.255.255.255 वर, यूडीपीच्या 67 क्रमांकाच्या पोर्टवर, सगळ्यांनाच विचारणा करतो. ही विचारणा त्याच्या व्हीलॅनच्या, म्हणजे नेटवर्कमधल्या त्याच्या विभागाच्या, शिवेपाशी थांबते, आणि थांबायलाच हवी. नाहीतर प्रत्येक यंत्राचा पुकारा साऱ्या नेटवर्कभर घुमत राहील. पण सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असला, तर उत्तर कोण देणार?

त्यासाठी स्विचवर, त्या व्हीलॅनच्या इंटरफेसखाली, सर्व्हरचा पत्ता लिहून ठेवायचा. मग स्विच रिले होऊन विचारणा उचलतो, ‘जीआयएडीडीआर’ या रकान्यात त्या इंटरफेसचा पत्ता भरतो आणि पॅकेट थेट सर्व्हरकडे पाठवतो. विचारणा कुठल्या विभागातून आली हे सर्व्हरला त्या रकान्यावरून कळतं. उत्तरही तो तिथेच धाडतो. पॅकेट रिलेंमध्ये फिरत राहू नये याचीही तजवीज आहे: 1993च्या आरएफसी 1542 नुसार ‘हॉप्स’, म्हणजे ओलांडलेल्या रिलेंची मोजणी, 16 च्या वर गेले, की रिलेने ते टाकून द्यायचं.

हद्द मोडायची नाही आणि गरजही अडवायची नाही, हे या कामाचं मर्म. सिस्कोच्या स्विचवर ‘आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस’ ही एक ओळ लिहिली, की पत्त्याच्या विचारणेसोबत टाइम, टॅकॅक्स, डीएनएस, टीएफटीपी आणि नेटबायॉसची ब्रॉडकास्टही मूळ मांडणीनुसार त्याच सर्व्हरकडे जाऊ लागतात. जे नको, ते ‘नो आयपी फॉरवर्ड-प्रोटोकॉल यूडीपी’ने एकेक करून बंद करावं लागतं. काय पलीकडे न्यायचं हे ओळ सांगत नाही. ते ती लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. प्रत्येक पोर्टपाशी थांबून, हे पलीकडे कुणाला हवं आहे, असं विचारण्यात जाणारा वेळ मला कधीच वाया गेलासा वाटत नाही.

तितकीच काळजी परतीच्या वाटेची. विचारणा सर्व्हरपर्यंत पोचते, तो उत्तरही तयार करतो; पण त्या व्हीलॅनकडे जाणारा रस्ता त्याला माहीत नसेल, तर संगणक पत्त्यावाचूनच राहतो. म्हणून रिले लावण्याआधी मी सर्व्हरवर बसतो आणि तिथून त्या इंटरफेसला पिंग करून पाहतो. विचारणाऱ्याच्या हाती उत्तर पडलं, तरच काम झालं.